कुत्र्याला वाचता येत नाही म्हणून

अधूनमधून कुणीतरी उत्साही जीव माझ्याकडे येतो. आयटीतली नोकरी सोडलेली असते, बाणेरच्या फ्लॅटमध्ये ओव्हन तापलेला असतो आणि कुत्र्यांच्या खाऊचा धंदा उद्यापासून सुरू व्हायचा असतो. "सर, बाकी सगळं रेडी आहे, फक्त नाव आणि टॅगलाइन द्या." जाहिरातींची कॉपी लिहून पोट भरत असल्यामुळे मी ऐकून घेतो. मग ते मोबाइलवरची यादी माझ्यापुढे सरकवतात आणि माझं डोकं उठतं. पॉ अमुक, पॉ तमुक, वॅग हे, टेल ते, बार्क आणखी काही. खाऊ डोंबिवलीत विकायचा, नाव मात्र लंडनच्या दुकानाच्या पाटीवरून उचलून आणल्यासारखं. हेच नाव फोनवरून एखाद्या दुकानदाराला सांगून बघा. तो तीनदा स्पेलिंग विचारेल आणि शेवटी वहीत लिहून ठेवेल, "कुत्र्याची बिस्किटं, बाणेरवाले".

शिवाय ही नावं कुणाची होऊच शकत नाहीत, कारण ती आधीच सगळ्यांची झालेली असतात. प्राण्यांचं खाद्य ट्रेडमार्कच्या 31व्या वर्गात मोडतं. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो, तो एकदा घेऊन बघावा. 1999च्या कायद्याचं कलम 11 मिळत्याजुळत्या नावाला आडवं येतं आणि कलम 9 नुसत्या वर्णनाला. हे वाचायचा कंटाळा, पण पाकिटावर वर्तुळातला 'आर' आधीच छापून मोकळे! नोंदणी नसताना ती खूण वापरली तर कलम 107 खाली दंड होऊ शकतो, हे सांगितलं की मलाच निगेटिव्ह ठरवतात.

गल्लीतल्या कुत्र्यांचं सगळ्यात लाडकं बिस्किट कोणतं? पारले-जी. (व्हेटर्नरी डॉक्टर कपाळाला हात लावतात, तो भाग वेगळा.) नाव कुठून आलं? विलेपार्ल्यातून. झालं, एवढंच. एकोणिसाव्या शतकात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, ती आडनावावरच चालली. त्याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नोकरीला होता. पुढे 1891 मध्ये त्याने कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यालाही स्वतःचंच नाव दिलं, आणि ते आजही भरतं. आपल्याकडे पेढेवाल्यापासून मसालेवाल्यापर्यंत निम्मा बाजार आडनावांवर उभा आहे. पण कुत्र्याचा खाऊ म्हटला की माणसाला स्वतःच्या आडनावाची लाज वाटायला लागते.

नावाचं एक वेळ सोडा. खरा संताप टॅगलाइनचा.

"सर, इमोशनल कनेक्ट पाहिजे."

"कुणाशी?"

"पेट पेरेंटशी."

म्हणजे खाणाऱ्याशी संबंधच नाही. त्याला वाचता येत नाही, म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूला वाट्टेल ते लिहायची मुभा. 'ह्यूमन ग्रेड' हा सध्याचा लाडका शब्द. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्न म्हणजे माणसाच्या खाण्याचं. पशुखाद्य त्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. मग कुत्र्याच्या पाकिटावरचा हा ग्रेड दिला कुणी? 'ग्रेन फ्री'चंही तसंच. धान्य नाही हाच गुण म्हणून जगभर मिरवला गेला. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. संबंध ठामपणे सिद्ध झाला नाही, पण इतक्या वर्षांचा तो डौल कशाच्या जोरावर होता, हेही कुणी सांगेना. तेच पाकीट उलटं करून बघा. मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'मांस व मांसाचे उपपदार्थ'. कोंबडीची कलेजी की आणखी काय, याचा पत्ता नाही. पुढे मात्र 'प्रेमाने भाजलेलं'.

परवाच्या मंडळींनी तर कहर केला. गणपतीसाठी खास खाऊ, नाव 'चॉकलेट मोदक'. आत चॉकलेट नव्हतंच, कॅरोबची पूड होती. हुशारी म्हणून सांगत होते. मी विचारलं, घरात सहा वर्षांचं पोर असेल तर ते काय शिकेल? कुत्र्याला चॉकलेट चालतं, मोदकही चालतो. उद्या ते ताटातला खरा चॉकलेट मोदक मोत्याच्या तोंडात घालणार. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याला विषासारखं. सारणात बेदाणे असले तर तेही घातक, काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यांनी निकामी होतात. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने ओव्हन बंद करावा. ठाऊक असूनही नाव ठेवत असेल, तर त्याच्यासाठी माझ्याकडे जो शब्द आहे तो छापता येत नाही. "पण सर, फेस्टिव्ह वाटतं ना," असं उत्तर मिळालं. मी त्यांना चहा पाजला आणि दार दाखवलं.

नाव काहीही ठेवा. गावाचं ठेवा, आजीचं ठेवा, फक्त ते ऐकून लिहिता आलं पाहिजे. त्याखाली, जिथे तुमची ती हृदयस्पर्शी ओळ येते, तिथे तेवढ्याच ठळक अक्षरात लिहा की आत काय आहे, किती आहे आणि कधी भाजलंय. खाऊतून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत, असं डॉक्टर सांगतात. त्याचा हिशेब करून दहा किलोच्या कुत्र्याला किती तुकडे, तेही घाला. टॅगलाइन हवीच असेल तर फुकट देतो : 'दिवसाला दोनच.' खप कमी होईल म्हणून घाबरत नसाल, तर छापून दाखवा.