बोळक्याचे सौंदर्यशास्त्र

एम.ए.च्या वर्गात ललित गद्यातील व्यक्तिचित्रे शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या सगळ्या आज्या बोळकं दाखवूनच का हसतात?" वर्ग हसला, मीही हसलो. प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला, कारण अशी एक आजी मीही लिहिलेली आहे.

ती माझी मामी. वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणाऱ्या पासलीत तिचे सारे आयुष्य गेले. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकातील लेखात मी तिच्या बसलेल्या गालांचे आणि दात नसलेल्या हसण्याचे मनापासून कौतुक केले होते. नातवाने तिला तो लेख वाचून दाखवला. पुढच्या भेटीत ती तोंडावर पदर धरूनच बोलत राहिली. निघताना म्हणाली, "माझं त्वांड लिवलंस बाबा, पर त्ये मी कुनाला दावत न्हाय." आणि मग, "कवळीला किती पडत्यात रं?"

आपल्या साहित्याने सुरकुत्यांना आणि बोळक्याला फार लवकर प्रतीक करून टाकले, असे मला वाटते. कष्ट, माया, मातीशी नाते, सारे त्या चेहऱ्यावर वाचले गेले. वाचणारे आम्ही, दात शाबूत असलेले. त्या चेहऱ्यामागची साधी शारीरिक घटना मात्र कोणी लिहिली नाही. दात गेले की त्यांना धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. ओठांचा आधार जातो, ते आत वळतात. चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची कमी होते आणि हनुवटी नाकाकडे सरकते. मामीच्या बाबतीत याला वयाइतकीच मिश्री आणि दाताच्या डॉक्टरपर्यंतचे अंतर कारणीभूत होते. प्रतीकात ही कारणे दिसत नाहीत.

याच सुमारास आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंची चेष्टा चालली होती. त्यांनी शहरात जाऊन 'फिलर' भरून घेतले होते. या उपचारात हायलुरॉनिक आम्लाचे जेल हनुवटीशी, जबड्याच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्याखालच्या घळींत टोचतात. ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते. नको वाटल्यास दुसरे औषध टोचून विरघळवता येते. कोणी स्वतःच्याच पोटाची वा मांडीची चरबी भरून घेतात. तिच्यातली किती टिकेल हे आधी सांगता येत नाही. खूप लोंबलेली त्वचा मात्र भरण्याने वर जात नाही; तिथे शस्त्रक्रियाच लागते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. चेष्टा करणाऱ्यांत मीही होतो. मामीच्या कवळीला मी गरज म्हणत होतो आणि बाईंच्या फिलरला नटणे. दोघींची इच्छा एकच होती: लोकांसमोर तोंड उघडता यावे.

या विषयात पुणे परिसराचा एक जुना संबंध आहे. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्यासाठी बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या एका मराठा शेतकऱ्याचे नाक आणि एक हात शत्रूने कापला. पुढे पुण्याजवळ, वीटकाम करणाऱ्या समाजातील एका जाणकाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. तीच पद्धत वापरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. श्वास तर कावसजी नाकाशिवायही घेत होता. त्याला नाक हवे होते ते चारचौघांत जाण्यासाठी. त्याला कोणी नटवा म्हटले नाही.

यावर आक्षेप येईल, की नाक शत्रूने कापले होते, गाल तर काळाने बसवले. आक्षेप अगदीच पोकळ नाही. काळाने केलेल्या प्रत्येक बदलाला 'दोष' म्हणून तो 'दुरुस्त' करून देणारी जाहिरात मलाही खटकते. चाळिशीतल्या निरोगी चेहऱ्याला ती आजारी ठरवते. पण ती भाषा बाजाराची आहे. पदराआडच्या माणसाची लाज वेगळी आहे, आणि बाजारावरचा राग आपण त्या माणसावर काढतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हातारपणाचे जे दीर्घ वर्णन आहे, त्यात जरेचे कौतुक नाही. ती येण्याआधीच ज्ञानी माणूस तिचे सारे हाल डोळ्यांसमोर आणतो. पण तो ते स्वतःच्या देहाविषयी पाहतो, शेजारणीच्या नव्हे. हा भेद आपण ललित लेखनात विसरलो. आपल्या चेहऱ्याचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. समाज म्हणून क्रम लावायचाच असेल तर फिलरवर बोलण्याआधी डोंगरातल्या गावांतील दातांवर बोलावे.

मामीला आता कवळी आहे. भाकरी खाताना टोचते म्हणून ती काढून ठेवते, लग्नाकार्याला लावते. हाड झिजतच राहते, त्यामुळे ती पुढेमागे सैल होईल आणि पुन्हा करावी लागेल, हेही तिला सांगितले आहे. चालेल म्हणाली.

माझ्या ललित लेखांचा संग्रह निघतो आहे. त्यातून तो परिच्छेद मी काढला आहे. सहकारी बाईंची मात्र अजून क्षमा मागितलेली नाही.