राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी



माघातल्या एका रविवारी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला उतरलो. वालावर मावा पडला आहे, एकदा येऊन पाहा, असा एका घरचा निरोप होता. मनोरी कागदोपत्री मुंबईत आहे, पण खाडी ओलांडली की भाताची खाचरे, विहिरीवरची भाजी आणि उन्हात घातलेली मासळी दिसते. इथल्या कितीतरी घरांचा एक पाय शेतात किंवा होडीत आणि दुसरा पलीकडच्या कारखान्यात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच आहे, म्हणून तिथे झालेले बोलणे आपल्यासाठी लिहीत आहे.

मावा पाहून झाला. निंबोळी अर्काची पाच टक्क्यांची फवारणी संध्याकाळी करा, असे सांगितले आणि ओटीवर चहाला बसलो. घरातले म्हातारे म्हणाले, "साहेब, रोगाचं झालं. आता आमच्या पोराचा कागद बघा."

मुलगा छत्तीस वर्षांचा. पलीकडे एका कारखान्यात आठ वर्षे यंत्रावर कायम कामगार आहे. कारखान्याने अकरा जणांना सांगितले होते की राजीनामा द्या, लगेच ठेकेदाराकडे नाव लावू. काम तेच, यंत्र तेच. आज हातात २४,००० येतात, पुढे २७,००० येतील. करार अकरा महिन्यांचा. राजीनामा टाईप करून दिलेला, फक्त सही राहिलेली. मुदत सोमवारची, म्हणजे दुसऱ्याच दिवशीची.

मुलाचे म्हणणे असे, "तीन हजार वाढतात, वाईट काय?" त्याची बायको मात्र पगाराची चिठ्ठी आणि मुलीची जुनी वही घेऊनच बाहेर आली. मी म्हटले, "वहिनी, मांडा आकडे."

चिठ्ठीवर मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २०,००० होते. त्यातून बारा टक्के म्हणजे २,४०० रुपये दरमहा प्रॉव्हिडंट फंडात कापले जात होते. ठेकेदार म्हणतो कापणार नाही, पूर्ण हातात देऊ. म्हणजे वाढलेल्या ३,००० पैकी २,४०० तर त्याचेच, आजवर साठत होते ते आता खर्चायला मिळणार. खरी वाढ ६०० रुपयांची. मालक आपल्या पदरचे तितकेच २,४०० भरत होता, तेही बंद. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना सव्वीस दिवसांचा धरून. वर्षाचे साडेअकरा हजार, महिन्याचे सुमारे ९६० रुपये. शिवाय वर्षाला अठरा दिवसांची भरपगारी रजा. तिचे महिन्याला दीड हजार धरले. वहीत बेरीज आली ७,३०० च्या आसपास. मिळणार ३,०००, जाणार ७,३००. आणि अकरा महिन्यांनंतरचा बारावा महिना कोरडा गेला तर तो वेगळाच.

रजेचा आकडा म्हाताऱ्यांना सर्वांत जास्त लागला. कारण पंधरा गुंठ्यांची लावणी आणि कापणी हा मुलगा त्याच रजेवर करीत आला आहे. आषाढात पाच दिवस, कापणीला पाच, उरलेली गणपतीला आणि दुखण्याला. शेतीखात्यात तीस वर्षे घालवूनही मी हा हिशेब कधी केला नव्हता, हे कबूल करतो. बी, खत, मजुरी आम्ही खर्चात धरतो, पण कारखान्याची भरपगारी रजा खाचरात खत होऊन पडते ते कोण धरतो? ठेक्यावर गेल्यावर लावणीचे पाच दिवस म्हणजे पाच दिवसांचा बुडालेला रोज, किंवा तितकी मजुरी.

ही रीत आजची नव्हे. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते त्यांना बदली कामगार हा शब्द ठाऊक असेल. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर परत खोलीवर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत हे बदलीवालेही होते. पुढे कितीजण गावाकडे परतले ते कोकणातली घरे जाणतात. मनीऑर्डर थांबली तेव्हा तिने शेतीचा किती भार उचलला होता हे कळले.

अलीकडचे पाहा. बेस्टने २०१९ पासून ठेकेदारांच्या बसगाड्या चालकासकट भाड्याने घेतल्या. २०२२ मध्ये एका ठेकेदाराच्या चालकांनी पगार आणि फंड थकला म्हणून काम बंद ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर अनेक ठेकेदारांचे चालक संपावर गेले, मागणी होती बेस्टच्या चालकांइतक्या पगाराची. राज्य सरकारनेही ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसे घेण्याचा निर्णय काढला होता. ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला.

मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीच्या सुमारे २,७०० ठेका कामगारांची गोष्ट मी त्या ओटीवर मुद्दाम सांगितली. वर्षानुवर्षे गाडीवर राबणारी ही माणसे कागदावर आपली नव्हेतच, असे महापालिका म्हणत होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २००७ पासून लढा दिला, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय असे करत ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात ते कायम ठरले. दहा वर्षे लागली. न्याय मिळतो, पण दहा वर्षे चूल पेटती ठेवून भांडणे सर्वांना जमत नाही. म्हणून हातात असलेले आपण होऊन सोडण्यापूर्वी चार दिवस थांबावे.

मी शेतीचा माणूस, वकील नव्हे. तरी इतके सांगितले. राजीनामा म्हणजे "मी आपखुशीने जातो" असे लिहून देणे. कारखान्याने स्वतः कमी केले तर कायद्याने एका महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. आठ वर्षांचा तो चार महिन्यांचा पगार झाला. राजीनामा दिला की तो गेला. ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानेही बुडत नाही. आठ वर्षांची ९२,३०० रुपये होते आणि तीस दिवसांत मिळायला हवी. चिठ्ठीवर त्या रकमेचा उल्लेखच नव्हता.

दुसरे फंडाचे. मुलाचा विचार होता की जमलेला सगळा फंड काढून विहिरीशेजारी बोअर मारावी. मी दोन्हीला नको म्हटले. किनाऱ्यापासून इतक्या जवळ खोल उपसा केला की खारे पाणी आत सरकते, आणि एकदा बिघडलेले पाणी लवकर सुधारत नाही. फंडातली पेन्शन दहा वर्षांच्या नोकरीवर मिळते. याची आठ झाली आहेत. पैसे काढून घेतले तर ती आठ वर्षे पुसली जातात, खाते नव्या ठिकाणी वळते केले तर दोनच उरतात. रक्कम मोठी नसेल, पण त्याच्यामागे बायकोलाही मिळते. ज्याचे खाते आधीच आहे त्याला "पगार जास्त आहे" म्हणून फंडातून वगळता येत नाही. ठेकेदाराचा आस्थापना क्रमांक विचारा, दर महिन्याला आपल्या क्रमांकावर भरणा दिसतो का ते मोबाईलवर पाहा. ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, पण त्यासाठी हजेरीचा काहीतरी पुरावा आपल्याकडे हवा. ओळखपत्र, हजेरी कार्ड फेकू नका.

मुलाने विचारले, "मुदतीचा करार आणि ठेका एकच ना?" एक नव्हे. कंपनी स्वतःच्या हजेरीपटावर ठरावीक मुदतीसाठी घेते तेव्हा कायम कामगारासारखेच फायदे द्यावे लागतात, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेप्रमाणे एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. ठेकेदाराचा माणूस हा ठेकेदाराच्या पटावर. म्हणून पहिला प्रश्न, हजेरीपट कोणाचा?

हे सारे सांगताना मन थोडे ओशाळले. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीचा, मला पेन्शन आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा करारावर आहे, माझ्याइतकाच शिकलेला, बांधावर माझ्याहून जास्त फिरणारा. थांबा म्हणणे मला सोपे जाते.

आणि समजा ठेका घ्यावाच लागला तर? पाटाच्या पाण्यावरचे पीक आणि पावसावरचे पीक आपण एका पद्धतीने करीत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय गाडीचा हप्ता, घराचा मजला काही नको. फंड कापला जात नसेल तर तितके पैसे वहिनींनी पगाराच्याच दिवशी पोस्टात टाकावे, संध्याकाळपर्यंत ठेवू नयेत. लावणीला रजा मिळणार नाही हे धरून निम्म्या खाचरात पेरभात करून पाहावे, तण आवरले तर मजुरीचे बरेच वाचते. उरलेल्यात कर्जत-३ सारखे हळवे भात. खाडीकडच्या तुकड्यात खारे पाणी चढते, तिथे पनवेलच्या खारजमीन केंद्राने दिलेले पनवेल-३.

उठताना म्हातारे म्हणाले, "म्हणजे सही करू नको म्हणता?" मी म्हटले, "उद्या करू नये. दहा दिवसांची मुदत लेखी मागावी, अकराही जणांनी एकत्र मागावी, आणि वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे चिठ्ठी आणि हा कागद घेऊन जावे."

मुलगा गप्प होता. त्याने कागदाची घडी घालून वहीत ठेवली आणि मला धक्क्यापर्यंत सोडायला आला. वाटेत एवढेच म्हणाला, "साहेब, बाकीचे दहा तयार होतील का?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. बुधवारी त्याचा फोन आला. सात जणांनी मुदत मागितली, तिघांनी सही केली. याने केलेली नाही. मावा आटोक्यात आहे.

पुढील अंकी : आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे.