मधली दोनशे पावले

गेल्या रविवारी नातवाला पुण्यातल्या संभाजी उद्यानात न्यायचे ठरले. सौ. व्हीलचेअरवर असते. नेहमीप्रमाणे म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." तीन वर्षे हेच ऐकतो आहे. या वेळी ऐकले नाही.

बँकेतली सवय, आदल्या संध्याकाळी मार्ग तपासून आलो. २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोत लिफ्ट आहे, डबा फलाटाच्या पातळीत आहे. अडले ते कोथरूडच्या घरापासून स्थानकापर्यंतच्या दोनशे पावलांत. पदपथावर दुचाकींची रांग होती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ती सरकारने पाळलीच पाहिजे. पण या दुचाकी सरकारने लावलेल्या नव्हत्या. त्या तुमच्या-माझ्याच होत्या. बँकेत एका रुपयाचा फरक राहिला तरी दिवसाचा हिशोब जुळला असे म्हणत नसत. प्रवासाचेही तसेच. एका ठिकाणी खुर्ची अडली की पुढची लिफ्ट असून नसल्यासारखी.

मी आणि मुलाने दोनदा खुर्ची उचलली. सौ. बागेत पोचली, नातवाबरोबर भेळ खाल्ली.

आज गाडी लावताना जरा मागे वळून पाहा. शेजारच्या घरात कोणी म्हणत असेल, "तुम्ही जाऊन या."