नवख्याला जाणत्यासमोर बसवा

विद्यापीठाच्या बुद्धिबळ संघात सरावाला बरोबरीचाच जोडीदार हवा, हा आग्रह आता सोडायला हवा. एलो मानांकनात 400 गुणांचा फरक असेल, तर वरचा खेळाडू सरासरी 91 टक्के गुण घेणार, असे गणित सांगते. मग नवख्याने हरायलाच बसायचे का? हो, पण ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत. तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद जादा, असा डाव साधारण दहा मिनिटांत आटोपतो आणि मघाची चूक लगेच पुढच्या डावात सुधारता येते. जाणता खेळाडू ओळखीच्या सुरुवातीच्या चाली झरझर करतो आणि वाचवलेला वेळ हत्ती-प्याद्यांच्या शेवटच्या झुंजीत वापरतो. नवखा पाचव्या चालीलाच अर्धे मिनिट घालवून बसतो. हा फरक पुस्तकातून कळत नाही, समोरच्या घड्याळावर दिसतो.

ब्लिट्झने खेळ उथळ होतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच डाव संपताच दोघांनी तो पटावर पुन्हा मांडावा. त्याविना नुसते घड्याळ बडवणे वायाच. निकाल ठरलेलाच असतो, असे म्हणणाऱ्यांनी मात्र जून 2025 मधले लंडन आठवावे. तिथे जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत नागपूरच्या दिव्या देशमुखने माजी जगज्जेत्या हौ यिफानला हरवले. तरीही मानांकनातला फरक फारच मोठा असेल, तर जाणत्याला तीन आणि नवख्याला पाच मिनिटे द्यावीत.