सुजेच्या आतले कामकरी

गेल्या वर्षी चिंचांच्या दिवसांत आमच्या शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी झाडावरून पडला आणि त्याचे मनगटाजवळचे हाड मोडले. आळंद तालुक्यातील आमच्या खेड्यात अशा वेळी पावले प्रथम वळतात ती हाड बसविणाऱ्याकडे. हात टम्म सुजलेला पाहून त्याने कढत तेल चोळले आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. सूज आवळली की हाड जुळते, हा त्याचा सिद्धान्त! दुसऱ्या दिवशी बोटे निळी पडून बधिर झाली, तेव्हा वडिलांना घेऊन मी कलबुर्गी गाठले. बांधणी सोडली, रक्त फिरले, बोटे वाचली.

वाचकहो, सूज येतेच. तिला वाव न देता आवळले तर कोंडला जातो तो रक्तप्रवाह. शिवाय सूज ही नुसती पीडा नव्हे. हाड मोडताच तेथे रक्त साकळते आणि काही तासांतच पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्या मागोमाग येणाऱ्या भक्षक पेशी मृत भाग गिळून जागा स्वच्छ करतात. १८८२ साली मेसिना येथे मेच्निकॉफ याने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा त्याभोवती जमलेल्या पेशी पाहून त्याच्या या भक्षणाच्या कल्पनेला पुष्टी मिळाली. (मुंबईत प्लेगची लस तयार करणारा हाफकिन हा त्याचाच शिष्य.)

परंतु या पेशी केवळ झाडलोट करीत नाहीत. प्रथम चेतविणाऱ्या आणि पुढे शमविणाऱ्या रासायनिक संदेशांनी त्या हाड घडविणाऱ्या पेशींना कामाला लावतात. प्राण्यांवरील प्रयोगांत भक्षक पेशी नाहीशा केल्या असता हाड नीट सांधले गेले नाही, असे आढळले आहे. मोडलेल्या टोकांना आधी कूर्चेचा मऊ सांधा जोडतो, मग तो हाडासारखा कठीण होतो. असल्या नाजूक जागी चोळणे म्हणजे ओल्या भिंतीला धक्के देणे होय.

प्लास्टर निघाले, त्यावर वर्गमित्रांनी मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत नावे लिहिली होती. मनगटाजवळ बारीक गाठ लागत होती. मुलाची आजी तेलाची वाटी घेऊनच बसली होती. ‘गुरुजी, एवढी गाठ तरी जिरवू का?’ मी म्हटले, ‘आजी, ती नव्या हाडाची गाठ आहे. जादा हाड कुरतडणाऱ्या पेशी भक्षक पेशींच्याच कुळातल्या. काही महिन्यांत त्याच ती घासून काढतील.’

आजींनी वाटी खाली ठेवली, पण फार दूर नाही.