रक्त पातळ करणारीं औषधें व प्रोस्टेटची शस्त्रक्रिया

साठी उलटलेल्या पुरुषांस प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळें लघवीचा अवरोध होऊं लागला, कीं पुष्कळदां शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो. ह्याच वयांत हृदयविकारासाठीं रक्ताची गुठळी होऊं न देणारें औषधही अनेकांस चालू असतें. तें चालू ठेवावें तर रक्तस्राव आवरत नाहीं; बंद करावें तर हृदयांत वा मेंदूंत गुठळी अडकण्याचें भय! अशा वेळीं शेजाऱ्याच्या सल्ल्यानें गोळी परस्पर बंद होते, म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हीं औषधें एका जातीचीं नव्हत. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल रक्तांतील बिंबिकांस कायमच्या निकामी करतात. नव्या बिंबिका तयार होईपर्यंत त्यांचा परिणाम टिकतो. म्हणून क्लोपिडोग्रेल थांबवावयाचें झाल्यास निदान ५ दिवस आधीं थांबवितात. वॉरफरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें व १९५४ सालीं अमेरिकेंत माणसांसाठीं मान्य झालें. त्याचा अंमल उतरण्यासही सुमारें ५ दिवस लागतात, व तो उतरला कीं नाहीं हें ‘आय. एन. आर.’ या तपासणीनें कळतें. अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान हीं नवीं औषधें मूत्रपिंडें ठीक असल्यास बहुधा २ दिवस आधीं बंद केलीं तरी पुरतें.

मात्र औषध कोणतें, याहून तें कशासाठीं चालू आहे हें अधिक महत्त्वाचें. हृदयाच्या रोहिणींत नुकताच स्टेंट बसविला असेल, तर गोळ्या थांबविणें जिवावर बेतूं शकतें. अशा वेळीं शस्त्रक्रियाच कांहीं महिने पुढें ढकलून तोंवर नळीवर अथवा प्रोस्टेटच्या गोळ्यांवर भागविणें शहाणपणाचें. धातूची झडप असणाऱ्यांस वॉरफरिन बंद असतां बहुधा हेपरिनचीं इंजेक्शनें देतात. परंतु केवळ हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांस त्यांचा फारसा लाभ नाहीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत इंजेक्शनें घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३.२ जणांस मोठा रक्तस्राव झाला, न घेणाऱ्यांपैकीं १.३ जणांस, गुठळ्या मात्र कमी झाल्या नाहींत. ज्यांचें औषध थांबवितांच येत नाहीं, त्यांच्यासाठीं कमी रक्तस्रावाची लेसरची शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे.

खरी चूक पुष्कळदां नंतर होते. थांबविलेली गोळी पुन्हां सुरू करावयाची राहूनच जाते! ती कोणत्या दिवशीं सुरू करावयाची, हें घरीं येण्यापूर्वीं लिहून घ्यावें. दीड-दोन आठवड्यांनीं आंतील खपली सुटून लघवी लालसर होऊं शकते. तेवढ्यानें घाबरून आपल्या मनानें गोळी सोडूं नये, डॉक्टरांस विचारावें. गांठी पडून लघवी तुंबल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गांठावें.

वडीलधारी मंडळी लघवीचें दुखणें संकोचानें घरांत बोलत नाहींत, आणि हृदयाचे व लघवीचे डॉक्टरही निरनिराळे असतात. तेव्हां अंगदुखीच्या गोळ्या व काढे धरून सर्व औषधांची यादी करून ती दोघांस दाखविणें व दोघांचें एकमत करून घेणें, हें काम घरांतील मुलासुनांनींच अंगावर घेतलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.