फाटकावरचा माणूस संस्थेचा की कंत्राटदाराचा?

डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 साली स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेच्या आजीव सदस्यत्वाच्या पद्धतीचा पुण्याला सार्थ अभिमान आहे. गोखल्यांसारख्या विद्वानांनी दरमहा 75 रुपयांवर वीस वर्षे शिकवायचे आणि संस्थेचा कारभारही शिकवणाऱ्यांनीच पाहायचा, असे ते तत्त्व होते. जो राबतो त्याच्याच हाती संस्था असावी, हा त्याचा गाभा. परंतु हा विचार वर्गाच्या उंबरठ्यापाशीच थांबला. शिपाई, हमाल, पहारेकरी व माळी यांच्यापर्यंत तो पोचला नाही. प्राध्यापकांचा त्याग स्वेच्छेचा, म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. शिपायाचे अल्प वेतन सक्तीचे, म्हणून ते केवळ पगारपत्रकात राहिले.

वस्तुतः जुन्या महाविद्यालयात शिपाई म्हणजे केवळ तास संपल्याची घंटा देणारा माणूस नव्हता. सूचनेची वही वर्गावर्गांतून फिरवणे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सांभाळणे, प्रयोगशाळेतील उपकरणे मांडणे, ग्रंथालयातील हवे ते पुस्तक नेमक्या फळीवरून काढून देणे, ही कामे वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधतात. प्राचार्य बदलत, विद्यार्थी चार वर्षांनी जात. शिपाई मात्र तीस-पस्तीस वर्षे तेथेच असे. खेड्यातून आलेल्या बुजऱ्या मुलाला फी माफीचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यावा हे सांगणारा पहिला माणूस बहुधा तोच असे. शिवाय ही नोकरी स्थिर असल्याने त्याची स्वतःची मुलेही शिकू शकत. ज्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा कित्येक घरांतून पुढे कारकून, शिक्षक व अभियंते निघाले.

ही स्थिरता कोणी दान म्हणून दिली नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संघटित होऊन ती मिळवली. विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये यांतील शिक्षकेतर सेवकांच्या सेवाशर्तींची प्रमाण संहिता महाराष्ट्रात 1984 साली लागू झाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या शताब्दीचे वर्षही तेच. आजीव सदस्यांना पहिल्याच दिवशी लाभलेली प्रतिष्ठा नव्हे, पण निदान नेमणुकीची शाश्वती चतुर्थ श्रेणीतील माणसाला मिळण्यास शंभर वर्षे लागली.

ती शाश्वती आता एका पिढीतच ओसरत आहे. निवृत्त झालेल्या शिपायाची जागा भरली जात नाही. शहरातील बहुतेक मोठ्या महाविद्यालयांच्या फाटकांवर आज खासगी एजन्सीचा गणवेश दिसतो. काम संपले आहे असे मात्र नाही. प्रश्नपत्रिका संगणकावरून येतात व महाविद्यालयातच छापल्या जातात. तेव्हा गुप्तता राखणारा विश्वासू माणूस पूर्वीपेक्षा अधिकच लागतो. प्रवेश ऑनलाइन झाले, तरी कागदपत्रांची तपासणी व जतन सुटलेले नाही. फाटकावरील सुरक्षारक्षकाकडून ओळखपत्रे पाहण्यापासून भांडण सोडवण्यापर्यंत सर्व अपेक्षा केल्या जातात. परंतु कंत्राट संपले की तो अन्यत्र जातो. संस्थेची त्याला आणि संस्थेला त्याची ओळख होण्यापूर्वीच दोघांचा संबंध तुटतो.

शासनाची दिशा कोणती, हे डिसेंबर 2020 च्या निर्णयाने स्पष्ट केले. खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी होतील तशी रद्द करावयाची आणि त्यांच्या जागी 'शिपाई भत्ता' द्यावयाचा, असे ठरले. पुणे व मुंबईसाठी हा भत्ता एका पदामागे दरमहा 10,000 रुपये. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सर्वांत खालच्या स्तराचे मूळ वेतनच 15,000 रुपये आहे. महागाई भत्ता व निवृत्तिलाभ त्यापुढचे. हा निर्णय शाळांपुरता असला, तरी त्यामागचे तर्कशास्त्र महाविद्यालयाचे फाटक ओळखते असे थोडेच आहे! याला बचत म्हणतात. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने खर्च नाहीसा झालेला नाही. आजारपण, म्हातारपण आणि मुलांचे शिक्षण यांचा जो भार संस्था व शासन उचलत होते, तो शिपायाच्या कुटुंबाच्या माथी टाकला गेला आहे.

21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनी यावर कायद्याची मोहर उमटवली. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर नकोत, असे त्या म्हणतात खऱ्या. पण पहारा, सफाई, बागकाम, चढ-उतार ही कामे मुख्य कामांतून सामान्यतः वगळली आहेत. म्हणजे महाविद्यालय ज्यांच्या श्रमावर रोज सकाळी उघडते, ते कायद्याच्या लेखी महाविद्यालयाचे कोणीच नव्हेत.

शिपाई ही सरंजामी प्रथा असून ती गेलेलीच बरी, असा युक्तिवाद काही सुधारक करतात. साहेबांचा चहा आणणे आणि घरची कामे करणे हे जायलाच हवे, याविषयी समाजवाद्यांत दुमत नसावे. परंतु गेले काय? सलाम करणे गेले नाही. गेली ती सलाम न करण्याची हिंमत देणारी कायम नोकरी.

यावर मार्ग नाही असे नव्हे. हमालांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला; त्याच धर्तीवर 1981 साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा होऊन मंडळे स्थापन झाली. मालकाने वेतन व लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने रक्षकाला वेतनासह भविष्यनिर्वाह निधी, रजा व उपदान द्यावे, ही ती व्यवस्था. 1996 च्या दुरुस्तीने एजन्सीच्या रक्षकांना सवलतीची वाट मोकळी झाली आणि ती अधिकाधिक रुंद होत गेली. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या सफाई कामगारांना व माळ्याला नियमित करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी दिला. नित्याच्या कामासाठी तात्पुरती माणसे वापरण्याच्या रीतीवर त्या निकालात कठोर ताशेरे आहेत. त्याचा आधार घेता येईल.

प्राध्यापकांच्या संघटनांनी हा प्रश्न आपला मानला पाहिजे. तासिका तत्त्वावर राबणारा अध्यापक आणि कंत्राटावरचा पहारेकरी यांच्यात आता पदवीचेच काय ते अंतर उरले आहे. रिक्त पदे भरा, नित्याची कामे कायम सेवकांकडे द्या, आणि तोवर रक्षक मंडळामार्फतच घ्या, या तीन मागण्या पुण्यातील प्रत्येक महाविद्यालयात एकत्रितपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. राबणाऱ्याच्या हाती संस्था, हे 1884 चे तत्त्व फाटकापर्यंत नेण्याचे काम अजून बाकी आहे.